जयवंतनाना हलत नाहीत

आमच्या आगाशीत लग्नघरी वऱ्हाडाच्या आधी, वाजंत्रीच्या आधी, एवढंच काय भटजींच्याही आधी एक स्टूल येतं. लाकडी, बुटकं, एका पायाला पट्टी ठोकलेलं. मूळचं ते स्वयंपाकघरातलं, कोलंबी सोलायला बसायचं. त्यामुळे ते मांडवात आलं की आळीतली दोन-तीन मांजरंही मागोमाग हजेरी लावतात. भटजी नाकाशी उपरणं धरतात आणि त्याच्यावर पळीभर पाणी शिंपडतात. स्टुलाचे मालक जयवंतनाना शांतपणे सांगतात, "शिंपडा, पाहिजे तेवढं शिंपडा. फक्त सरकवू नका."

नाना आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या वाडीच्या मध्ये एक कुंपण होतं, ते दोन्हीकडच्या केळींनी केव्हाच गिळून टाकलंय. त्यांच्या फाटकावर ‘जयवंत व्हिडिओ’ अशी पाटी आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘डायरेक्टर : स्वतः’. कुणी चुकून ‘शूटिंगवाले नाना’ म्हणालं की ते थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "शूटिंग कुणीही करतो. डायरेक्टर तो, ज्याला कुठे बसायचं ते कळतं."

आणि नाना बसतात म्हणजे बसतात. बोहल्यासमोर जरा डावीकडे स्टूल, त्याच्यापुढे गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा. पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्या ‘सावधान’पर्यंत कॅमेरा हलत नाही आणि नानाही हलत नाहीत. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत कुणी बडे पुढारी आले. त्यांच्याबरोबरची माणसं "सरका, सरका" करत पुढे घुसली. नाना मान न वळवता म्हणाले, "साहेब, बसा नाहीतर वाका." साहेब वाकले. नानांच्या फिल्ममध्ये ते वाकून जाताना स्वच्छ दिसतात, आणि पुढे निवडणुकीत त्यांच्या विरोधकांनी ती फिल्म मागितली तेव्हा नानांनी दिली नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या एका लग्नात वाऱ्याने कनात सुटून नानांच्या डोक्यावर पडली. त्यांनी ती तशीच डोक्यावर घेतली, कॅमेऱ्यापुढून तेवढी बाजूला धरली आणि लग्न पूर्ण केलं.

त्यांच्या फिल्मची शैली तुमच्या लक्षात आलीच असेल. एक जागा, एक नजर. कापाकापी नाही, गाणं नाही, काही नाही. मंगलाष्टकं सगळीच्या सगळी. त्यात भटजींचा खोकला येतो, माइकची शिट्टी येते, मागून कुणाचा तरी "अगं, दुधाचा गॅस बंद केलास का?" असा आवाज येतो. तो आवाज आमच्या चुलतकाकूंचा आहे आणि तो किमान तीन कुटुंबांच्या लग्नात अमर झालाय. आळीतली पोरं याला ‘सीसीटीव्ही’ म्हणतात. नानांना ते माहीत आहे. "सीसीटीव्ही चोरावर नजर ठेवतो," ते म्हणतात, "मी नवरीवर ठेवतो. फरक आहे."

कॅमेरा एवढा खाली का, असं विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "बसलेल्या बाईच्या डोळ्यांची उंची." यापुढे ते काही बोलत नाहीत. आम्ही त्याला कलावंताचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देत आलो.

आता गंमत अशी, की हेच नाना एकेकाळी आमच्या भागातले चमत्कारसम्राट होते. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात त्यांच्याकडे चित्रांत चित्रं मिसळायचा एक मिक्सर होता. तो घेऊन त्यांनी काय केलं नाही? कमळ उमलायचं आणि आतून नवरी निघायची. बदामातून नवरा डोकवायचा. विड्याच्या पानात सासूबाई गोल गोल फिरायच्या. एकाच नवरीचे नऊ चौकटींत नऊ चेहरे, आणि नवाच्या नवांवर वरून गुलाबाच्या पाकळ्या! विरार-नालासोपाऱ्याहून लोक तारखा धरायला यायचे. "नाना मोकळे आहेत का ते बघा, मग मुहूर्त काढा" असं लग्नघरात म्हणत. मग एकदा, यशाच्या अगदी भरात, नानांनी मिक्सर विकून टाकला आणि कोलंबीचं स्टूल उचललं. का, ते कुणालाच सांगितलं नाही. कुसुमवहिनी, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा होत्या. त्यांनीही सांगितलं नाही.

माझं ऑफिस माणिकपूरला. तिथे सिनेमाप्रेमींचं एक छोटं मंडळ आहे. एका रविवारी त्यांच्याकडे चर्चा होती, ‘यशस्वी दिग्दर्शकाने आपली शैली बदलावी का?’ मला वाटलं, नानांना आवडेल. ही माझी समजूत किती खरी आहे ते पहिल्या पाचच मिनिटांत कळलं.

व्यासपीठावर एक प्राध्यापकबाई होत्या. छान बोलल्या. म्हणाल्या, "यश मिळालं की दिग्दर्शक स्वतःचीच नक्कल करायला लागतो. तोच पाऊस, तोच जिना, तीच खिडकीतली नायिका. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि दिग्दर्शक त्या टाळ्यांत अडकून बसतो. धाडस असेल तर त्याने ते सगळं मोडून नवं मांडावं." मला पटलं. खरं सांगायचं तर आजही पटतं. पण शेजारची खुर्ची करकरली आणि नाना उभे राहिले.

"बाई, तुम्ही आगाशीची सुकेळी खाल्लीयत?"

बाई गोंधळल्या. "हो, खाल्लीयत ना."

"मग त्या सुकेळीवाल्याला कधी म्हणालात का, की बाबा, वर्षानुवर्षं केळं वाळवतोस, आता धाडस कर, जरा चॉकलेटात बुडव?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तसंही मिळतं आता, नाना."

"मिळत असेल!" नाना कडाडले. "खातं कोण? पाहुणे!"

सभा हसली. बाईही हसल्या, पण त्या कच्च्या नव्हत्या. म्हणाल्या, "काका, म्हणजे कलावंताने कधी बदलूच नये?"

"बदलावं. एकदा बदलावं. मी बदललीय शैली. पुरे झालं."

"कधी? आणि कशामुळे, ते सांगाल का?"

नाना खाली बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "सुहास, चहा कधी देतात रे इथे?"

परतताना रिक्षात मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. नानांनी बाहेर बघत उत्तर दिलं, "तुला कशाला? तुझं काय सिनेमा काढायचं चाललंय?"

पण दिवस बदलत होते. लग्नं हॉलमध्ये आणि रिसॉर्टमध्ये जायला लागली. स्टूल मांडवात येईनासं झालं. हॉलवाले विचारायचे, "हे कुणाचं?" आणि कोपऱ्यात नेऊन ठेवायचे. एक-दोघांनी नानांना गोड शब्दांत सांगून पाहिलं की थोडं हला, एखादं गाणं टाका, शेवटी निदान एक कमळ तरी! नाना म्हणायचे, "कमळ तळ्यात बघा." मग तेही लोक यायचे बंद झाले. नाना रोज सकाळी कॅमेरा पुसायचे, दुपारी केळींना पाणी सोडायचे आणि संध्याकाळी ओट्यावर त्याच स्टुलावर बसायचे. कुसुमवहिनी गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. मुलगी वैशाली परदेशात. ती फोन करायची, पण तिची सकाळ ती नानांची झोपायची वेळ.

अशात आमच्या केतकीचं लग्न ठरलं. घरच्याच अंगणात मांडव घालायचा, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि तिथेच संपलं.

शूटिंगसाठी केतकीने विकी नावाचा मुलगा ठरवला होता, विरारच्या मनवेलपाड्याचा. हुशार, हसतमुख, दंडावर कॅमेऱ्याचं चित्र गोंदवलेला. "अंकल, टेन्शन घेऊच नका. एकदम सिनेमॅटिक करतो. तुम्ही फक्त एंट्री द्या, बाकी मी बघतो." मी त्याला सांगितलं की मुलीचा बाप एंट्री देत नाही, तो सकाळपासून तिथेच राबत असतो.

"आणि नाना?" आमच्या सौभाग्यवती मंदाने विचारलं.

"आई, प्लीज!" केतकी म्हणाली. "ते सीसीटीव्ही फुटेज कोण बघणार?"

"मी."

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लग्न लागताना मुलीची आई मांडवात नसते. मंगलाष्टकं सुरू झाली की ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत उभी राहते. डोक्यावर अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की मग ती पुढे येते. सगळा गाव तिच्या मुलीचं लग्न बघतो, तेवढी ती एक बघत नाही.

केतकी म्हणाली, "मग नकोच जाऊस ना तुळशीपाशी! मांडवात माझ्यासमोर उभी राहा. कसल्या प्रथा घेऊन बसलीयस?"

"माझ्या आईने माझ्या लग्नात घातलं पाणी. मी तुझ्या लग्नात घालणार. त्यात मला कमीपणा वाटत नाही," मंदा म्हणाली. "पण नंतर मला माझ्या मुलीचं लग्न बघायला मिळालं पाहिजे. ठिगळं लावलेलं नको, सगळं पाहिजे. नानांचं स्टूल येणार नसेल तर मी तुळशीपाशी जाणार नाही, बोहल्यावर येऊन तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहीन. सांग तुझ्या विकीला."

चुलतकाकूंनी कपाळाला हात लावला. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी तह झाला. वर विकीचं ड्रोन, खाली नानांचं स्टूल.

निरोप द्यायला मी कुंपण ओलांडून गेलो. म्हटलं, आयती संधी आहे, जरा समजावून बघावं. "नाना, पोरीची हौस आहे. तुम्ही थोडं इकडेतिकडे फिरून घ्या. शेवटी एखादं गाणं..."

नाना रागावले की घरच्या बोलीत घुसतात, ‘कुठे’चं ‘कटे’ होतं. "कटे?" ते म्हणाले. "कटे फिरू? बोहला फिरतो का? नवरी फिरते का? मग मी कटे फिरू?" मग चष्मा पुसून, आवाज खाली आणून म्हणाले, "मंदाने बोलावलंय ना? मग मंदाला विचार, मी हलू का."

मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण लग्नाच्या इतक्या वर्षांत आलंय.

लग्नाच्या सकाळी दोन्ही दिग्दर्शकांची बोहल्यापाशी गाठ पडली. विकीने आदराने वाकून नमस्कार केला. "नाना, तुमचं काम ऐकून आहे. पण स्टाइल अपडेट करायला लागते ना."

"तुझी स्टाइल कोणती?"

"दर सीझनला नवी."

"म्हणजे तुझी नाहीच. भाड्याची." असं म्हणून नानांनी स्टूल टेकवलं. मांजरं येऊन बसली. विकी बिचारा मनापासून हसला आणि ड्रोन उडवायला गेला.

मंगलाष्टकं सुरू झाली. मंदा तांब्या घेऊन मागे गेली. जाताना तिने केतकीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गेली नसती. मी मामांच्या शेजारी, अक्षता मुठीत धरून उभा. तेवढ्यात वरून भुंग्यासारखा आवाज आला आणि विकीचं ड्रोन नारळाच्या झावळ्यांमधून अंतरपाटावर उतरलं. त्याच्या वाऱ्याने अंतरपाट जो फुगला तो थेट भटजींच्या तोंडावर. उपरणं उडालं, ताटातल्या अक्षता उडाल्या, "अंतरपाट धरा, अंतरपाट!" असा गलका झाला. मांजरं पळाली. विकी ओरडला, "भटजी, सॉरी! वन मोर! तेवढं ‘सावधान’ परत घ्या ना!" भटजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की ड्रोन आपोआप वर गेलं. या सगळ्या गोंधळात नाना स्टुलावर तसेच बसून होते. एक हात कॅमेऱ्यावर, दुसऱ्या हाताने पुढे फोन धरून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांच्या पोटऱ्यांवर पेरूच्या काठीने हळूच टकटक करत, "खाली बसा. खाली बसा. तिला दिसत नाही."

‘तिला’ म्हणजे कुणाला, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलंच नाही.

विकीची फिल्म पंधरवड्यात आली. काय वर्णावी! आमची वाडी वरून एखाद्या राजवाड्याची बाग वाटत होती. केतकीच्या पैंजणांवर ऊन चमकत होतं, अक्षता हवेत तरंगत होत्या, मीसुद्धा दोन सेकंद बरा दिसत होतो. मागे झकास गाणं. घरभर टाळ्या झाल्या. मंदानेही वाजवल्या. मग तिने विचारलं, "छान आहे गं. आणि लग्न?"

"हेच लग्न, आई."

"हे गाणं झालं. लग्न कुठाय?"

केतकीने पुन्हा लावून दाखवलं. अंतरपाट, अक्षता, हार. पापणी लवावी तेवढ्यात मंगलाष्टकं संपली.  फोन परत देऊन मंदा चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना आले. एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात स्टूल. इकडचं तिकडचं न बोलता त्यांनी स्टूल टीव्हीपुढे ठेवलं. "मंदा, बस."

मंदा बसली. केतकी आणि जावई माहेरपणाला आलेले, तेही सरसावून पुढे झाले. नानांनी बोटाने मागची सतरंजी दाखवली. "तुम्ही मागे. तुम्ही लग्नाला होतात." मग त्यांनी फिल्म चालू केली आणि स्वतः मात्र मागच्या दाराने अंगणात निघून गेले.

पडद्यावर बोहला होता आणि तो बरोबर मंदाच्या डोळ्यांसमोर होता, जशी ती मांडवात सतरंजीवर बसलेली असावी. भटजी खोकले. माइकने शिट्टी मारली. चुलतकाकूंनी गॅसबद्दल विचारलं. काही म्हणजे काही घडत नव्हतं. केतकी अंतरपाटाआड उभी होती. तिने पायाची बोटं आखडून घेतली. मुंडावळी सारखी केली. मग ड्रोन उतरलं, अंतरपाट उडाला, सगळा मांडव वर बघायला लागला, मीही तोंड वासून वर बघतोय. आणि त्या क्षणी केतकीने मान वळवली. वर नाही, नवऱ्याकडे नाही. घराच्या उघड्या दाराकडे. माजघरातून आरपार मागचं अंगण दिसतं, तिकडे. आणि ती बघतच राहिली. ओठ हलले. आवाज आला नाही, पण कोणता शब्द होता ते सांगायला आवाजाची गरज नव्हती.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो आणि मला हे माहीत नव्हतं. विकीच्या कॅमेऱ्यांनाही माहीत नव्हतं. केतकी सतरंजीवरून हळूच पुढे सरकली आणि तिने मंदाच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला तिथे थांबवेना. मी नानांना बोलवायला मागे गेलो.

नाना तुळशीपाशी उभे होते. घराकडे पाठ. हातात आमचाच तांब्या. तुळशीच्या बुंध्याशी बारीक धार सोडत होते.

"नाना, या ना आत. बघा तरी."

"मी नाही बघत. आई बघत असली की मी नसतो तिथे." ते तसेच उभे राहिले.  "सुहास, वैशूच्या लग्नात मी नऊ चौकटी केल्या होत्या. तेव्हा त्याहून मोठं काही नव्हतं. सगळा गाव बघायला आला. आणि सगळे गेल्यावर तुझ्या वहिनीने मला विचारलं, ‘अहो, मी तुळशीला पाणी घालत होते, तेव्हा वैशूने मागे वळून बघितलं का हो?’"

मी मागच्या पायरीवर टेकलो.

"काय सांगणार मी? माझ्याकडे ते नव्हतंच. मी तेव्हा कमळ उमलवत होतो." नानांनी चष्मा पुसायला हात वर नेला, पण हातात तांब्या होता. "वैशूला विचारलं, तर ती म्हणाली, बाबा, आठवत नाही. तुझी वहिनी रागावली नाही कधी. पण अधूनमधून विचारायची. आजारात तर फारच. मी म्हणायचो, बघितलं असेल गं. असेल! डायरेक्टर ना मी?"

त्यांच्या फाटकावरची पाटी आठवली. स्टूल कुणाचं, कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पोटऱ्यांवर टकटक कुणासाठी, ते सगळं एकदम कळलं आणि मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

इतक्यात आतून मंदाची हाक आली. मोठी, वाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी.

"नाना! बघितलं हो तिनं! मागे वळून बघितलं!"

नानांनी तांब्यातलं उरलंसुरलं पाणी तुळशीला घातलं. तांब्या पालथा घालून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरला. मग माझ्याकडे वळून, डोळे तसेच ओले ठेवून, त्यांनी मला दम दिला.

"आणि तू मला फिर म्हणत होतास."